जुन्या गाडीचा साईड मिरर हलतो: आधी सांधा शोधा, मग स्क्रू आवळा

प्रश्न असा आहे: २००६ ची आल्टो, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा ताशी साठच्या पुढे थरथरतो आणि मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली की आपोआप मागे मिटतो. गॅरेजमध्ये स्क्रू आवळून दिले, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता अख्खा आरसाच बदलायचा का?

लगेच बदलू नका. थरथरणं आणि आपोआप मिटणं ही दोन लक्षणं एकाच जागेची असतीलच असं नाही. दरवाजापासून काचेपर्यंत आरसा चार ठिकाणी जोडलेला असतो. पहिला जोड म्हणजे दरवाजाच्या पत्र्यावर बसणारा बेस. दुसरा, बेसवर आरसा मागे-पुढे मिटवणारा सांधा. तिसरा, हाऊसिंगच्या (काच ज्यात बसते त्या बाहेरच्या कवचाच्या) आतला, काच फिरवणारा गोळा. आणि चौथा, त्या गोळ्यावरच्या प्लास्टिकच्या प्लेटला चिकटवलेली काच. यातलं काहीही सैल झालं तरी सीटवर बसून सगळं सारखंच दिसतं: मागची गाडी धूसर. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा बेसचे स्क्रू आवळले जातात, कारण हाताला आधी तेच लागतात. दोष दुसऱ्या सांध्यात असेल तर त्या आवळण्याचा काही उपयोग नाही. उलट जास्त जोर लावला तर प्लास्टिकमधले आटे जातात आणि एकाचे दोन दोष होतात.

शोध कसा घ्यायचा ते आधी बघू. गाडी उभी ठेवा, इंजिन बंद. एका हाताने आरशाचा बेस, म्हणजे दरवाजाला टेकलेला भाग, दोन बोटांत असा धरा की एक बोट बेसवर आणि एक पत्र्यावर राहील. दुसऱ्या हाताने आरशाचं बाहेरचं टोक हळू वर-खाली हलवा. बेस आणि पत्रा यांच्यामधली फट उघडमीट होताना बोटाला कळली तर दोष पहिल्या जागी. तिथे काही हलत नाही, पण बेस आणि हाऊसिंग यांच्या जोडावर खेळ जाणवतो, तर दोष दुसऱ्या जागी. दोन्ही घट्ट असतील तर हाऊसिंग घट्ट पकडून काचेच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने बोटाने हलकं दाबा. काच प्लेटसकट डुगडुगली तर गोळा सैल आहे. प्लेट जागेवर राहून फक्त काच टकटकली तर काचेचा डिंक सुटला आहे.

आता इंजिन सुरू करून आयडलवर, म्हणजे रेस न देता, ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या आरशांत बघा. दोन्हींतलं चित्र सारखंच थरथरत असेल तर आरशाला हात लावू नका. आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) आणि आयडल तपासून घ्या. तीन सिलिंडरच्या आणि जुन्या डिझेल गाड्यांमध्ये माउंटिंगचं रबर बसलं की हे हमखास होतं. तसंच दरवाजा बंद करून बाहेरून त्याला आत-बाहेर ढकलून बघा. दरवाजाच लॉकवर खडखडत असेल तर खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो आकडा, किंचित आत सरकवावा लागतो. दरवाजा हलत असताना आरसा कितीही आवळला तरी चित्र स्थिर होणार नाही.

थोडासा ढिलेपणा इतका त्रास का देतो, यामागे साधं गणित आहे. आरसा जेवढ्या अंशाने फिरतो त्याच्या दुप्पट अंशाने त्यातलं प्रतिबिंब सरकतं. काच अर्धा अंश थरथरली तर सपाट आरशात दृश्य एक अंश सरकतं, म्हणजे ५० मीटर मागे असलेली मोटारसायकल जवळपास ९० सेंटिमीटर इकडे-तिकडे झाल्यासारखी दिसते. लेन बदलताना एवढी चूक धोक्याची आहे. वाऱ्याचा जोरही वेगाच्या वर्गाने वाढतो. छोट्या गाडीच्या आरशावर ताशी ८० ला साधारण ६०० ग्रॅम आणि ताशी १०० ला एक किलोच्या आसपास दाब येतो, तोही मागच्या दिशेने. स्प्रिंग थकलेली असेल तर खड्ड्याचा एक हिसका पुरतो आणि आरसा मिटतो.

आता बेसकडे येऊ. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात आतून एक त्रिकोणी प्लास्टिक कव्हर असतं. ते बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसतं. आरसा आतून दांडीने फिरवायचा असेल तर आधी दांडीवरची रबरी टोपी किंवा बोंडी ओढून काढावी लागते, तिच्याखाली कधी कधी एक छोटा स्क्रू असतो. कव्हर उचकटायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. जुनं एटीएम कार्ड कडेतून सरकवून क्लिपेजवळ हळू उचला. आत बहुतेक वेळा तीन स्क्रू किंवा तीन नट दिसतील. ५ एमएमच्या नटाला ८ चा पाना लागतो, ६ एमएमच्या नटाला १० चा.

काहीही सैल करण्यापूर्वी एक काम न विसरता करा: त्या कोपऱ्यातून दरवाजाच्या पोकळीत उतरणारी जी फट दिसते तिच्यात फडकं कोंबा. हातातून निसटलेला स्क्रू दरवाजाच्या तळाशी गेला की डोअर पॅड (दरवाजाचं आतलं आवरण) उतरवल्याशिवाय तो सापडत नाही, आणि सापडेपर्यंत प्रत्येक वळणावर वाजत राहतो. पान्याच्या गोटीत किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिमूटभर ग्रीस लावलं की नट किंवा स्क्रू त्याला चिकटून बाहेर येतो.

मारुती आणि इतर जपानी वळणाच्या गाड्यांत बरेचसे स्टार स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. २ नंबरचा जपानी मापाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नसेल तर टोक न झिजलेला, नवा २ नंबर घ्या. फिरवताना जेवढा जोर फिरवण्यात, त्याहून जास्त दाबण्यात लावा. गंजलेल्या स्क्रूवर आधी गंज सोडवणारं तेल दोन थेंब, पंधरा मिनिटं थांबा, मग ड्रायव्हर लावून मुठीवर हातोडीचे दोन हलके ठोके. कोकणात आणि गोव्यात, जिथे गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभी असते, तिथे या पायरीला घाई केली तर स्क्रूचं डोकं तुटून येतं.

स्क्रू निघाले की शेवटचा काढताना बाहेरून आरशाला हात द्या, नाहीतर तो वायरवर किंवा केबलवर लोंबकळेल. आता तीन गोष्टी बघा.

एक, पॅकिंग. बेस आणि पत्रा यांच्यामध्ये रबर किंवा फोमचं पॅकिंग असतं. पंधरा-वीस वर्षांत ते कडक होतं, बसतं, त्याचे तुकडे पडतात. स्क्रू हाताला घट्ट लागतो पण आरसा हलतो, याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. जुनं पॅकिंग कागदावर ठेवून आकार काढा आणि तेवढ्याच जाडीच्या, साधारण दीड ते दोन एमएमच्या, रबर शीटमधून नवं कापा. शीट मिळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचं रबर चालतं, पण एकच थर लावा. दोन-तीन थर लावले की बेस रबरावर तरंगतो आणि थरथर वाढते. पॅकिंगशिवाय तर आरसा बसवूच नका. पावसाचं पाणी स्क्रूच्या भोकांतून आत उतरतं आणि डोअर पॅडचा पुठ्ठा फुगतो.

दोन, पत्रा. भोकांच्या भोवती केसासारखी बारीक चीर किंवा गंजाचा फुगवटा आहे का ते टॉर्च लावून बघा. आरसा वर्षभर सैल राहिला असेल तर पत्रा सारखा वाकून तिथे चीर पडते. चीर असेल तर आतल्या बाजूने एक ते दीड एमएम जाडीची लोखंडी पट्टी, तीनही भोकं जुळवून, वायसरसारखी लावा. दाब मोठ्या जागेवर पसरतो आणि चीर पुढे जायची थांबते. गंज खरवडून रेड ऑक्साईड किंवा झिंक प्रायमर लावल्याशिवाय पट्टी चढवू नका.

तीन, आटे. पत्र्यामागचा नट स्क्रूबरोबर फिरत असेल किंवा त्याचे आटे गेले असतील तर तिथे रिव्हेट नट, म्हणजे भोकात रिव्हेटसारखा दाबून पक्का होणारा नट, बसवणं हा कायमचा उपाय आहे. ५ एमएमच्या रिव्हेट नटाला ७ एमएमचं भोक लागतं, ६ एमएमच्याला ९ एमएमचं. भोक मोठं करण्याआधी कडेला पुरेसा पत्रा उरतो का ते मोजा. स्क्रू आरशाच्या बेसच्या प्लास्टिकमध्ये जात असेल आणि तिथले आटे गेले असतील तर पहिला उपाय म्हणजे एक माप जाड स्क्रू. ४.२ च्या जागी ४.८ एमएम, लांबी तीच. लांब स्क्रू घातला तर तो प्लास्टिकच्या तळाला टेकतो आणि घट्ट झाल्याचा नुसता भास होतो. जाड स्क्रूलाही जागा उरली नसेल तर भोक स्पिरिटने स्वच्छ पुसून त्यात अराल्डाईट भरा. सावकाश सुकणारं घ्या, राळ आणि हार्डनर समान मात्रेत, पूर्ण २४ तास हलवू नका. मग स्क्रूच्या मधल्या दांड्याइतक्या जाडीचं भोक पाडून स्क्रू हाताने चढवा. पाच मिनिटांत सुकणारं अराल्डाईट इथे वापरू नका. उन्हात तापलेल्या दरवाजावर ते लवकर नरम पडतं.

बसवताना तीनही स्क्रू आधी बोटांनी टेकवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर बेस तिरका बसतो. किती आवळायचं? बोटांनी टेकल्यानंतर साधारण पाव ते अर्धा फेरा, पॅकिंग कडेने किंचित दबलेलं दिसेपर्यंत. धातूत धातू जात असेल तर निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब चालतं. प्लास्टिकजवळ ते अजिबात नको, त्याने प्लास्टिकला तडे जातात. तिथे रुंद साधा वायसर आणि आत नायलॉनची कडी असलेला नट हीच योग्य जोडी.

तुमच्या गाडीचं मिटण्याचं लक्षण मात्र दुसऱ्या सांध्याचं आहे, आणि जुन्या गाड्यांत खरी गोम इथेच असते. या सांध्यात एक उभा पोकळ खिळा, त्यावर दाबलेली जाड स्प्रिंग आणि स्प्रिंगला धरून ठेवणारा नट किंवा चकती असते. बेस आणि हाऊसिंग यांच्या टेकणाऱ्या तोंडांवर उंचवटे आणि खाचा असतात. आरसा उघडला की उंचवटा खाचेत बसतो, स्प्रिंग त्याला दाबून ठेवते. मिटवताना हाऊसिंग दोनेक एमएम वर उचललं जातं, उंचवटा खाचेतून निघतो आणि 'टक्' असा आवाज येतो. तुमच्या आरशातून तो आवाज अजून येतो का ते बघा. आवाज स्पष्ट असेल तर खाचा शाबूत आहेत, फक्त स्प्रिंगचा दाब कमी झाला आहे, म्हणजे दुरुस्ती होईल. आरसा कुठेही न अडकता गुळगुळीत फिरत असेल तर उंचवटे झिजले आहेत, आणि मग हा भाग बदलणंच शहाणपणाचं. झिजलेल्या खाचा अराल्डाईटने किंवा एम-सीलने घडवायचा प्रयत्न लोक करतात. मिटवण्या-उघडण्याच्या घासाने तो पापुद्रा लवकरच निघून येतो.

दाब मोजायचा असेल तर सामान तोलायचा हुकवाला वजनकाटा आरशाच्या बाहेरच्या कडेला अडकवून मागच्या दिशेने ओढा. दीड-दोन किलोलाच आरसा मिटत असेल तर स्प्रिंग गेली असं समजा, कारण महामार्गावरचा वारा आणि खड्ड्याचा हिसका मिळून तेवढा जोर सहज होतो. दुसऱ्या बाजूचा आरसा ठीक असेल तर त्याचा आकडा घ्या. तोच तुमच्या गाडीचा खरा मापदंड.

सांधा उघडायला आरसा गाडीवरून उतरवून टेबलावर घ्या. जुन्या साध्या आरशांत खालून किंवा बेसच्या आतून एक नट किंवा मोठा स्क्रू दिसतो. तसा असेल तर काम सोपं: एकेक चतुर्थांश फेरा आवळत जा आणि प्रत्येक वेळी वजनकाट्याने तपासा. काही आरशांत नटाऐवजी चकती असते, ती स्प्रिंगवर दाबून थोडी फिरवली की खिळ्याच्या खाचेतून सुटते. इथे सावध राहा. ती स्प्रिंग हाताच्या जोराने दाबली जात नाही, आणि अचानक सुटली तर डोळ्याला इजा करू शकते. चष्मा घाला, सी क्लॅम्पने चकती दाबूनच फिरवा आणि क्लॅम्प हळूहळू सैल करा. ज्या आरशात खिळ्याचं टोक ठोकून कायमचं पसरवलेलं आहे तो उघडायच्या भानगडीत पडू नका.

स्प्रिंग निघाली की तिच्याखाली खिळ्याच्या मापाचा एक एमएमचा स्टीलचा वायसर घाला आणि पुन्हा बांधा. बहुतेक वेळा एक पुरतो, फार तर दोन. याहून जास्त का नाही, ते नीट समजून घ्या. आरसा मिटताना हाऊसिंग दोनेक एमएम उचललं जातं, तेवढी जागा स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये उरलीच पाहिजे. वायसरांनी ती जागा खाल्ली तर वेढे एकमेकांना टेकतात, सांधा जाम होतो आणि आरसा मिटतच नाही. मग गर्दीत रिक्षाचा हलका धक्का लागला तरी बेस तुटतो. पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला लागला तर मिटणारा आरसा त्याला वाचवतो, न मिटणारा हाड मोडू शकतो. म्हणूनच हा सांधा स्क्रू मारून किंवा चिकटवून कायमचा बंद करणं मला अजिबात मान्य नाही, रस्त्यावर कितीही गाड्यांत तसं केलेलं दिसलं तरी.

खाचांवर बांधण्यापूर्वी किंचित सिलिकॉन ग्रीस चालतं, करकर थांबते. नेहमीचं बेअरिंग ग्रीस टाळा, त्यात धूळ बसून घासणारा लेप तयार होतो. आरसा विजेवर चालणारा असेल तर वायर याच पोकळ खिळ्यातून जाते. इग्निशन बंद करून कनेक्टर सोडवा आणि बांधताना वायरला पीळ पडणार नाही हे बघा. या ठिकाणी वायर आतून तुटलेली बऱ्याचदा सापडते.

गोळा सैल झाला असेल तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यावर तेल मारणं. हा सांधा घर्षणावरच उभा आहे. तेल लागलं की उरलीसुरली पकडही जाते. काच काढण्याआधी हेअर ड्रायरने तीन-चार मिनिटं कोमट करा, म्हणजे प्लास्टिकच्या क्लिपा लवचिक होतात. मग काच एका बाजूने पूर्ण आत दाबा आणि समोरच्या बाजूला तयार झालेल्या फटीत कापड गुंडाळलेलं प्लास्टिकचं पातं घालून प्लेट आपल्याकडे ओढा. हातमोजे हवेतच. गोळा आणि वाटी स्पिरिटने पुसा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोळ्याची चकाकी घालवा, परत पुसा आणि कोरडं बसवा. मागे घट्ट करायचा स्क्रू असेल तर तो थोडा आवळा. आतल्या दांडीला जोडलेल्या तीन केबलींपैकी एखादी खोबणीतून निसटली असली तरी काच अशीच डुलते, तेव्हा त्या जागेवर आहेत का ते याच वेळी बघून घ्या.

काच प्लेटवरून सुटली असेल तर जुना डिंक पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, बाहेर लावायच्या प्रतीच्या फोमच्या डबल टेपच्या दोन-तीन पट्ट्या आणि मधे न्यूट्रल सिलिकॉनचे ठिपके द्या. नळीतून व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल काचेमागची चांदी खातं आणि काही महिन्यांत कडेपासून काळे डाग सरकू लागतात. फेविक्विकही नको: ते ठिसूळ असतं, थरथरीने सुटतं आणि त्याच्या वाफेने काच धुरकटते. चिकटवल्यावर कागदी टेपने काच धरून ठेवा आणि एक रात्र गाडी बाहेर काढू नका.

नवी काच कापून घ्यायची वेळ आली तर एक पथ्य पाळा. डाव्या बाजूचा आरसा बहुतेक गाड्यांत बहिर्गोल असतो, बऱ्याच गाड्यांत उजवाही. काचवाल्याने साधी सपाट काच कापून बसवली तर दृश्य स्पष्ट आणि मोठं दिसतं, ग्राहक खूश होतो, पण दिसणारा रस्ता अरुंद होतो आणि शेजारची दुचाकी आरशातूनच गायब होते. जुनी कशी आहे ते ओळखायला काचेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. मधे टेकून दोन्ही टोकांना फट दिसली तर बहिर्गोल.

पूर्ण आरसा कधी बदलायचा? उंचवटे झिजले असतील, बेसच्या ओतीव धातूला किंवा मुख्य प्लास्टिकला तडा गेला असेल, किंवा खिळाच हलत असेल, तेव्हा. ओतीव झिंकला पडलेली चीर वेल्डिंगने नीट जुळत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या मॉडेलचे आरसे मिळतात. जाताना जुना आरसा सोबत न्या. नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, कारण त्याच गाडीत दांडीवाला आणि बिनदांडीचा असे प्रकार येतात आणि वर्षानुसार भोकांचं अंतर बदलतं. ड्रायव्हरची बाजू म्हणजे आरएच, डावी म्हणजे एलएच. दुकानातच बेसवर बेस ठेवून भोकं जुळवा आणि आरसा मिटवून तो 'टक्' आवाज ऐका. स्वस्तातल्या नव्या आरशांत स्प्रिंग इतकी पातळ असते की तुमचा जुना, वायसर घातलेला, त्याच्यापेक्षा बरा ठरतो. वापरलेला पण मूळ कंपनीचा आरसा चांगल्या स्थितीत मिळाला तर मी तोच घेईन.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी आरसा उतरवून पॅकिंग बदला, त्याच खेपेला सांध्यातल्या स्प्रिंगखाली एक वायसर टाका, गोळ्याला हात लावू नका. बसवल्यावर सीट नेहमीच्या जागी ठेवून काच लावा: क्षितिज मधोमध, आतल्या कडेला स्वतःच्या गाडीची जेमतेम एक पट्टी. मग एखाद्या खडबडीत रस्त्यावर आणि नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० पर्यंत चालवून बघा, मागच्या गाडीची नंबर प्लेट स्थिर दिसली पाहिजे. त्रिकोणी कव्हर मात्र आठवडाभर पक्कं दाबू नका. नवं रबर तेवढ्यात थोडं बसतं आणि तीनही स्क्रूंना आणखी जरासा पीळ लागतो. तो देऊन झाला की कव्हर बसवा.